पेन्सिलीतला मधला

१

माणसं शोधणं हा माझा अडतीस वर्षांचा धंदा. फरार कंत्राटदार, फिरलेले साक्षीदार, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायला लावून मागच्या दारानं सटकलेले साहेब, सगळे मी हुडकून काढलेत. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, “तुमच्या रक्ताच्या नात्यात आणखी कुणी आहे का बघा,” तेव्हा मला वाटलं, एवढंच ना? बघतो.

धाकटीला रक्ताचा आजार झाला होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, आणि चोपन्न वर्षांची झाली तरी घरात धाकटीच. तिच्या हाडांतला मगज नवं रक्त बनवेनासा झाला होता. तिच्याशी जुळणारा दुसऱ्या कुणाचा तरी तिला द्यायला हवा होता. माझा तपासला. जुळला नाही.

“सख्ख्या भावंडांत साधारण चारात एकाचा जुळतो,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडे भावंड एकच, म्हणजे तुम्ही. आणखी एखादं असतं तर...”

“आईवडिलांना वेळेवर कळवायचं होतं तुम्ही. आता दोघंही नाहीत.”

डॉक्टर हसले नाहीत. आठ आठवडे म्हणाले. फार तर दहा.

दात्यांच्या यादीत कुणी जुळत नव्हतं. आईकडच्यांचं तपासून झालं होतं. राहिले चुलत, आत्ते आणि त्यांची मुलं. वडील तरुणपणीच घरात भांडून बाहेर पडलेले, त्यामुळे त्या बाजूचं एक माणूस मला ठाऊक नव्हतं. पण आमचं आडनाव विचित्र आहे. फोनवर तीनदा सांगावं लागतं आणि तरी पाकिटावर भलतंच लिहून येतं. असं आडनाव शोधायला सोपं.

शहरात वंशावळींचं एक जुनं ग्रंथालय आहे. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते चार. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात लाकडी कपाटं, कपाटांना छोटे छोटे खण आणि प्रत्येक खणात आडनावाप्रमाणे लावलेली कार्डं. दारापाशी एक संगणकही आहे. आडनाव टाकलं की नोंदी दाखवतो. आमच्या नोंदी निघाल्या सात. तीन आठवड्यांत मी सातही धुंडाळल्या. तिघं वारले होते. एक परदेशात आणि स्वतःच आजारी. एकानं फोनवर “आम्हाला भाऊबंद नाहीत” एवढं बोलून फोन आपटला, म्हणजे माणूस नक्की आमच्यातला. दोघं भले निघाले, येऊन रक्त देऊन गेले. जुळलं नाही.

आता साडेचार आठवडे उरले होते.

२

संगणकावर माझा विश्वास नाही. सरकारी आकड्यांवर आहे तेवढाच. म्हणून त्या मंगळवारी मी संगणकाला वळसा घालून सरळ खणाकडे गेलो आणि आमच्या आडनावाची कार्डं हातानं मोजली.

आठ होती.

पुन्हा मोजली. मग एकेक काढून टेबलावर मांडली. सात कार्डं काळ्या शाईत, वळणदार अक्षरात. आठवं आमच्याच घरचं होतं. वर वडिलांचं नाव, आईचं नाव. खाली त्यांची मुलं. पहिला मी. त्याखाली एक ओळ. त्याखाली धाकटी. आम्हा दोघांच्या ओळी शाईत होत्या, पण कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात ‘अपूर्ण’ असा शिक्का होता. आणि मधली ओळ पेन्सिलीत होती.

नाव वाचलं. साधं, आमच्या दोघांच्या नावांशी मिळतंजुळतं नाव. जन्माचं वर्ष माझ्यानंतर तीन वर्षांनी. पुढे लिहिलं होतं: मुलगा, हयात.

“बाई, हे काय आहे?”

कार्डांच्या बाई आपल्या टेबलावरून उठून आल्या. साठीच्या असतील. खोलीत फिरताना त्यांच्या चपलांचा आवाज होत नसे, हे मला तोवर तीनदा खटकलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवून कार्ड बघितलं.

“पेन्सिलीची नोंद आहे, साहेब. म्हणून हे कार्डच संगणकात गेलं नाही. एका माणसाच्या सांगण्यावरून केलेली नोंद आम्ही पेन्सिलीत ठेवतो. त्याच घरातल्या दुसऱ्या कुणी लेखी पुष्टी दिली, की मग शाई.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण आमच्या धंद्यात हेच चालतं. माझे पहिले संपादक म्हणायचे, एका तोंडची बातमी ती अफवा, दोन तोंडची ती बातमी. त्या एका वाक्यावर मी अडतीस वर्षं काढली. एकट्या माणसाच्या शब्दावर एक ओळ छापली नाही. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या.

“पहिला शब्द कुणाचा?” मी विचारलं.

बाईंनी कार्डावर बोट ठेवलं. माहिती देणारा, या रकान्यात लिहिलं होतं: स्वतः.

मग त्यांनी कार्ड उलटं केलं. मागे तारखा होत्या. वर्षाला एक, वरपासून खालपर्यंत, दोन स्तंभांत. सगळ्या एकाच हस्ताक्षरात.

“पेन्सिल पुसट होते ना,” बाई म्हणाल्या. “म्हणून वर्षातून एकदा येऊन गिरवून जातात. गिरवलं की मागे तारीख टाकायची, असा नियम आहे.”

“कोण येतं?”

“आम्ही कधी बघितलं नाही. कार्ड गिरवलेलं असतं.”

सर्वांत वरची तारीख बघितली. सत्तावन्न वर्षांपूर्वीची होती. म्हणजे पुढच्या बाजूला लिहिलेल्या जन्माच्याच वर्षातली. मी दोन्ही अक्षरं भिंगाखाली धरली. पहिली तारीख आणि गेल्या वर्षीची तारीख. सातचा आकडा सारखाच आडवा, शेपटीशी सारखाच दाब.

तान्ह्या मुलाला लिहिता येत नाही. म्हणजे कुणीतरी एका बैठकीत सगळ्या तारखा टाकल्या. मी एवढ्या बनावट नोंदवह्या पकडल्या आहेत, की हा खेळ मला नवा नव्हता. फक्त प्रत्येक तारखेची पेन्सिल वेगळी फिकी होती. वरच्या तारखा तर इतक्या पुसट, की कार्ड तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हत्या.

३

धाकटीच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. तिच्या डोक्यावर आता स्कार्फ असायचा. समोरच्या फळ्यावर कुणीतरी तिच्या दिवसभराच्या सलाइनचा हिशेब लिहिला होता आणि तिनं खाली खडूनं दुरुस्ती केली होती, कारण बेरीज चुकली होती.

“धाकटे, आपल्याला आणखी एक भाऊ होता का? तुझ्यामाझ्यामधे?”

“मधे? तू एवढा ऐसपैस असताना मधे कोण मावणार?”

“नीट सांग.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “नाही रे दादा. असता तर तुझं ओरडणं अर्धं त्यानं नसतं का झेललं? सगळं माझ्याच वाट्याला आलं.”

मी मावशीला फोन लावला. मावशी, आईची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, दुसऱ्या गावात मुलाकडे असते. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. मागच्या पिढीतलं ते एकच माणूस उरलं आहे.

“काय विचारतोयस मेल्या? तुझ्या आईच्या दोन्ही बाळंतपणांना मी होते. तुझ्या वेळी पाळण्याची दोरी तुटली आणि धाकटीच्या वेळी वीज गेली. तिसरं कुठून आणू?”

“दत्तक दिलेलं, गेलेलं, असं काही...?”

“दोन म्हणजे दोन. फोन ठेव, माझी गोळी घ्यायची वेळ झाली.”

दोन तोंडं, दोन्ही ठाम. बातमी पक्की झाली होती: मधला कुणी नाही. एखाद्या खुळ्यानं आमचं कार्ड रंगवलं होतं. मी वहीत त्याच्यावर काट मारली आणि पेन बंद केलं.

मग मी निघताना धाकटीनं पाणी मागितलं. पेला तिनं दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी पांघरुणावर सांडलं. तिनं ओला भाग मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला दुमडला आणि मला म्हणाली, “जा तू. बसमधे गर्दी होईल.”

४

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर होतो.

“त्या माणसाचा पत्ता हवाय.”

“पेन्सिलीच्या नोंदीचा पत्ता देत नाही, साहेब.”

मी आवाज चढवला. माहितीचा अधिकार, सार्वजनिक संस्था, पेशंट मरायला टेकलाय आणि तुम्ही नियम दाखवता, जे काही येतं ते सगळं बोललो. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. कपाटांमधे बसलेले दोन म्हातारे वाचक मान वर न करता पानं उलटत राहिले.

“पुष्टी द्या,” बाई म्हणाल्या. “शाई झाली की चिठ्ठी ठेवता येते. कार्डामागे. ज्याची त्याला मिळते.”

“आणि मी त्याला ओळखत नसेन तर?”

“मग पुष्टी देऊ नका.”

आता मी कसा विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. कार्ड खोटं असेल, तर माझी सही एका खोट्या कार्डावर पडेल, कुणाचं काही बिघडणार नाही. आणि कुठे एखादा माणूस खरोखर असेलच, वडिलांचं दुसरं काही प्रकरण असेल, घराण्याचा नाद लागलेला एखादा लांबचा भाऊबंद असेल, तर त्याच्या अंगात आमचं रक्त असू शकतं. चारात एक. नाही तर शंभरात एक. धाकटीकडे चार आठवडे होते. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर शेण म्हटलं, ती मी एका पेल्यातलं पाणी सांडलं म्हणून करायला बसलो.

बाईंनी अर्ज दिला. दोन पानी. ‘मी वरील व्यक्तीस ओळखतो व ती माझी —’ यापुढे रिकामी जागा. मी लिहिलं: सख्खा भाऊ.

पुढे रकाने होते. उंची. लिहिलं: माझ्याएवढी. ओळखीची खूण. काहीतरी हवं म्हणून लिहिलं: उजव्या कानामागे भाजल्याचा चट्टा. सवयी. लिहिलं: दार दोनदाच वाजवतो. घरात कुणाशी जवळीक. हे मात्र विचार करून लिहिलं, कारण मला त्याच्याकडून काय हवं होतं ते मला ठाऊक होतं: धाकट्या बहिणीवर जीव. तिच्यासाठी काहीही करील.

शेवटचा रकाना: चेहरेपट्टी.

तिथे माझं पेन थांबलं. आम्हाला शिकवलं होतं, माणसाचं वर्णन करायचं तर बघून करा. आत्ताच चार ठिकाणी खोटं लिहिणाऱ्यानं पाचव्या ठिकाणी सोवळं व्हावं, यात काही अर्थ नाही. पण नाक, डोळे, ओठ, असा एक माणूस शून्यातून लिहायला माझा हात धजेना.

“हा राहिला,” बाई म्हणाल्या.

“राहू दे. चालतं ना?”

“चालतं. नंतर भरता येतो.”

त्यांनी दौत उघडली. पेन्सिलीच्या ओळीवरून शाईचं पेन सावकाश, एकेक अक्षर करत फिरवलं, मग टिपकागद दाबला. कागद उचलला तेव्हा आम्हा तिघांची नावं एकसारखी काळी दिसत होती. नवख्या माणसाला वाटलं असतं, एकाच दिवशी लिहिलीत. ‘अपूर्ण’चा शिक्का बाईंनी रबरानं खोडला.

मी चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, खाट लिहिली. खाली लिहिलं, लवकर या. मग ते खोडून लिहिलं, लवकर ये.

५

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच ऊब होती.

“अहो, तुम्ही तर म्हणाला होता दोघंच. तुमचे बंधू शनिवारी रक्त देऊन गेले. प्राथमिक तपासणी बघता मला फार आशा आहे.”

आठवड्यानं पक्का अहवाल आला. दहापैकी दहा खुणा जुळल्या होत्या.

मला आनंद झाला. तो खरा होता, आणि तो सांगताना मला लाज वाटत नाही. जिन्यात उभा राहून रडलो. मग डोळे पुसले आणि सवयीप्रमाणे चौकशीला लागलो.

“ओळखपत्र काय दिलं त्यानं?” मी रक्त घेणाऱ्या नर्सला विचारलं.

“ग्रंथालयाचा दाखला होता. वंशावळीचा. गोल शिक्क्याचा.”

“आणि चालला? माझ्याकडून अकरा कागद घेतलेत तुम्ही!”

“तुम्ही भांडता म्हणून जास्त मागितले असतील,” ती म्हणाली.

“दिसायला कसा आहे?”

“तुमच्याच उंचीचे. शांत. कानामागे भाजल्याचा चट्टा आहे, मान वळवली तेव्हा दिसला.”

“चेहरा?”

नर्स सिरिंजांचा ट्रे लावत होती. तिचे हात थांबले. “मास्क असेल,” ती म्हणाली. “इथे सगळ्यांना मास्कच असतो.” पुन्हा म्हणाली, “असेल मास्क.” आणि ट्रे उचलून आत गेली.

धाकटी उशीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “भाऊ आला होता. तुझी वाट बघून गेला.”

“कोण भाऊ?”

“झालं तुझं सुरू! एवढी वर्षं झाली, आता सोड ना तो अबोला. त्याच्या मनाला किती लागतं माहितीये? तरी तो आला. पहिल्या निरोपाला आला.”

“धाकटे, पंधरा दिवसांपूर्वी तू मला सांगितलंस, की आपल्यामधे कुणी नाही.”

“मी?” ती हसली. “तापात बोलले असेन. अरे, त्याच्या कानामागचा चट्टा माझ्यामुळे आहे. मी चार वर्षांची, स्टोव्हवरचं दुधाचं पातेलं ओढलं आणि तो मधे आला. तू बाहेर क्रिकेट खेळत होतास. आईनं तुला बॅटीसकट ओढत आणलं होतं डॉक्टरकडे धावायला. विसरलास?”

चट्टा मी लिहिला होता. एका शुक्रवारी सव्वाअकराला. स्टोव्ह, पातेलं आणि बॅट मी लिहिली नव्हती.

त्या बॅटीची मूठ लाल दोऱ्याची होती, हे मला लगेच आठवलं. ती बॅट खरी होती. तिला हातात घेऊन मी डॉक्टरच्या दवाखान्याकडे पळालो होतो की नव्हतो, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून बराच वेळ आठवत राहिलो.

६

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सकाळी सहापासून हॉस्पिटलात ठाण मांडलं. त्याला बघायचंच, असं ठरवलं होतं. दात्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मी पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. मी खाली कागदांवर सह्या करून आलो तेव्हा त्याला बाहेर आणून परत खोलीत ठेवलं होतं आणि भेटायची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला होता. खाट रिकामी होती, चादर नीट घडी घातलेली. उशीत डोक्याचा खळगा होता. सहसा उशीला तेल लागतं, केस चिकटतात, एका बाजूला लाळेचा डाग पडतो. ही उशी कोरी करकरीत होती.

मी मावशीला फोन केला. खरं तर तिचा आवाज ऐकायला. एक माणूस तरी ताळ्यावर असलं पाहिजे म्हणून.

“ऑपरेशन झालं ना नीट? देव पावला,” मावशी म्हणाली. “आणि मधला कसा आहे? त्याला म्हणावं, आता जड उचलू नकोस.”

“मावशी, तूच मला म्हणालीस, दोन्ही बाळंतपणांना मी होते.”

“तिन्ही, रे बाबा. तुझ्या वेळी पाळण्याची दोरी तुटली, धाकटीच्या वेळी वीज गेली. आणि त्याच्या वेळी...” पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. “त्याच्या वेळी काही झालं नाही. अगदी शांत मूल. तोंड उघडून रडलासुद्धा नाही.”

महिन्याभरात धाकटीच्या रक्तातले आकडे वर यायला लागले. ती ते वहीत उतरवून त्यांचा आलेख काढायची. दीड महिन्यानं तिला घरी सोडलं. हे सगळं घडलं आहे. कागद आहेत, तारखा आहेत, डॉक्टरांच्या सह्या आहेत. माझी बहीण वाचली.

ती घरी आल्यावर पहिल्या शुक्रवारी मी ग्रंथालयात गेलो. चुकीची दुरुस्ती न छापणाऱ्या संपादकांची मी जन्मभर लाज काढली होती. मी लेखी अर्ज घेऊन गेलो होतो, की मी दिलेली पुष्टी खोटी आहे, नोंद रद्द करावी.

बाईंनी अर्ज वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला.

“बहीण बरी आहे का?”

“आहे.”

“कशामुळे बरी झाली?”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावत होतं. मी अर्ज उचलून खिशात घातला.

“तो रकाना अजून मोकळा आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांनी दोनदा विचारलं.”

“तुम्ही त्याला बघितलंत?”

“कार्डाखाली चिठ्ठी होती.” त्यांनी खण पुढे ओढून चिठ्ठी मला दिली. आडवा सात असलेल्या त्या अक्षरात एकच ओळ होती: दादाला सवडीनं भरायला सांगा.

मी पेन काढलं नाही. बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम मी एकदा मोडला होता आणि त्यातून काय निघालं ते बघत होतो. आधी त्याला बघेन, मग लिहीन, असं बाईंना सांगून मी बाहेर पडलो.

७

रविवारी दुपारी चारला मी धाकटीच्या घरी गेलो. तिसरा मजला, पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर. दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. किती महिन्यांनी ती तशी हसत होती, मी मोजलं नाही.

मी दार बोटभर ढकललं.

तो दाराकडे पाठ करून सोफ्यावर बसला होता. माझी उंची, माझे खांदे, पांढरा शर्ट. केस नीट विंचरलेले. उजव्या कानामागे चट्टा. धाकटी समोरच्या खुर्चीत होती आणि शाळेतला कुठलासा किस्सा हातवारे करून सांगत होती.

ती त्याच्याकडे बघत होती, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, ती त्याच्या कानाकडे बघत होती. बोलता बोलता तिची नजर खांद्यावर यायची, शर्टाच्या कॉलरवर यायची, पुन्हा कानावर जायची. मधली जागा ती वळसा घालून टाळत होती. तिला स्वतःला ते कळत नव्हतं.

दार करकरलं. ती पाठ थोडी हलली. मान वळायला लागली.

फुटपाथवर पडलेली प्रेतं मी बघितली आहेत. जळालेल्या कारखान्यात रुमाल तोंडाला लावून मी शिरलो आहे, कारण बघणं हे माझं काम होतं आणि जे बघत नव्हते त्यांना मी भेकड म्हणायचो. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

“दादा! ये ना, दारात काय उभा राहिलास?”

मी बुटांकडे बघत आत गेलो आणि सोफ्यावर त्याच्या शेजारी बसलो. समोर धाकटी, शेजारी तो. असं बसलं की मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मी मान वळवली नाही. त्याच्या अंगाला धुतलेल्या कापडाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

“दोघं शेजारी बसलात एकदाचे,” धाकटी म्हणाली. तिचे गाल भरले होते. “थांबा, चहा टाकते. भांडू नका तोवर.”

ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा, साखरेच्या डब्याचं झाकण फिरवल्याचा. आम्ही दोघं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो.

“दादा,” तो म्हणाला.

आवाज मऊ होता. त्यात कसलीही तक्रार नव्हती. मला फक्त तो कुठून येतोय ते नीट कळत नव्हतं.

“तुला राग आलेला नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे म्हणालो, “तू तिला वाचवलंस.”

“तू लिहिलं होतंस ना तसं.” आत कप एकमेकांवर वाजले. “दादा, एक विचारू? तिला विचारायचा धीर होत नाही. नर्सलाही विचारायचा झाला नाही. मी दिसायला कसा आहे?”

प्रश्न विचारण्यावर मी पोट भरलं आहे. मंत्र्यांना घाम फुटेल असे प्रश्न मी विचारले आहेत आणि उत्तर टाळणाऱ्यांची मी पहिल्या पानावर नावं छापली आहेत. आत धाकटीनं गॅस बंद केला. ट्रे उचलल्याचा आवाज आला. ती आता येणार होती आणि समोर बसणार होती, आणि आज ना उद्या तिची नजर कानावरून सरकून मधे येणार होती. तिथे काही नसेल, तर तिला काय दिसेल? आणि तेव्हा तिच्या रक्ताचं काय होईल?

“आईसारखा,” मी म्हणालो. “आईवर गेला आहेस तू.”

शेजारी कुणी तरी लांब श्वास घेतला. मग एक बारीक आवाज झाला, ओल्या कागदावरून बोट फिरवल्यासारखा. आणि पहिल्यांदाच, तो श्वास नाकातून बाहेर पडताना मला ऐकू आला.

धाकटी ट्रे घेऊन आली. दोन पावलं टाकून थांबली. तिची नजर त्याच्या कानावर होती. मग ती सरकली.

ट्रे हलला नाही. चहा सांडला नाही. तिचे हात आता बळकट झाले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ती भीती नव्हती. आई गेली त्या रात्री ती रडली नव्हती. ते सगळं आता तिच्या डोळ्यांत उभं राहिलं, आणि त्या सगळ्यासकट ती हसत होती.

“दादा,” ती हळूच म्हणाली. “अरे, बघ ना. एकदा बघ तरी.”

सोफ्याचा माझ्या बाजूचा भाग थोडा दबला. तो माझ्याकडे वळला होता.

मी हात पुढे करून ट्रेमधला कप उचलला आणि चहाकडे बघत एक घोट घेतला.

“साखर बरोबर पडली आहे,” मी म्हणालो.